मोरी बुडायच्या आधी

पत्र: आम्ही करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावरच्या गावात राहतो. घरात सासू-सासरे, मी, आठ वर्षांचा मुलगा आणि चार म्हशी. मिस्टर शिरोली एमआयडीसीत कामाला, शिफ्ट ड्युटी. २०१९ ला घरात छातीएवढं पाणी होतं. २०२१ ला रात्रीत चढलं आणि आम्हाला नावेतून काढावं लागलं. म्हणून २०२४ ला आम्ही लवकर बाहेर पडलो, सगळा पसारा उचलून नणंदेकडे गेलो, तर पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलं. तेव्हापासून सासरे म्हणतात, ‘फुकटची वरात काढली. आता मी काय हलत न्हाई.’ सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे. पावसाळा जवळ आला की मला झोप लागत नाही. घरात नेमकं काय तयार ठेवू? सासऱ्यांना कसं समजावू? आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतात, गल्लीसाठी काहीतरी करूया. पण सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक भगिनी, जि. कोल्हापूर

ताई, नमस्कार.

घरात काय तयार ठेवू, म्हणजे निघताना न्यायच्या पिशवीत काय भरू, हे तुम्ही आधी विचारलंय, मी सासऱ्यांपासून सुरुवात करतो. पिशवी दाराशी तयार आहे आणि घरातला कर्ता माणूस गोठ्याच्या खांबाला धरून बसलाय, असं झालं तर त्या पिशवीचा उपयोग शून्य. आणि खरं सांगायचं तर पिशवी भरणं हे पूरतयारीतलं सगळ्यात सोपं काम आहे. म्हणूनच ते सगळे आधी करतात.

सासऱ्यांना हट्टी म्हणून सोडून देऊ नका. त्यांनी १९८९ पाहिलंय, २००५ पाहिलंय. नदीशी त्यांचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा जुना आहे. अडचण एवढीच की ते उंबऱ्यावरून हिशेब करतात: पाणी दारात आलं म्हणजे पूर, नाही आलं म्हणजे उगाच पळापळ. २०२४ ला पाणी दारात आलं नाही, म्हणजे तुम्ही चुकलात, असा त्यांचा निकाल. पण त्या जुलैत, पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ओलांडली गेली होती. नदी तिथून पुढे कुठवर जाईल हे तुम्हाला, त्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना, कुणालाच त्या दिवशी सांगता आलं नसतं. २०१९ आणि २०२१ ला हीच नदी त्याच बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तुम्ही निघालात ते बरोबरच होतं. पाणी आलं नाही हा नशिबाचा भाग. नशिबाने साथ दिली म्हणून शहाणपणाला नावं ठेवायची नसतात, हे त्यांना नम्रपणे सांगा. किंवा तुमच्या मिस्टरांना सांगू दे.

आता उंबऱ्याऐवजी काय बघायचं? रस्ता. घरात पाणी यायच्या आधी गावाबाहेर जाणारा रस्ता बुडतो, आणि रस्त्यातही सगळा रस्ता एकदम बुडत नाही. एक सखल जागा असते, ओढ्यावरची मोरी नाहीतर वळणावरचा खोलगट तुकडा. ती बुडाली की गावाचं बेट होतं. घर कोरडं, चूल पेटलेली, टीव्ही चालू, आणि तरी तुम्ही अडकलेल्या. त्यापुढे नाव, दोर आणि रात्रीची शोधाशोध. २०२१ ला तुमचं हेच झालं असणार. तेव्हा तुमच्या कुटुंबाची अखेरची मुदत म्हणजे ती मोरी. उंबऱ्याचा नंबर फार नंतर.

ती मोरी बंधाऱ्यावर किती फूट असताना बुडते, हा आकडा गावात जुन्या माणसांना अंदाजे ठाऊक असतो. पण अंदाजावर घर हलत नाही, म्हणून तो कागदावर आणा. तुमच्याच मोबाइलमध्ये २०१९, २०२१ आणि २०२४ चे फोटो असतील. नसतील तर गल्लीतल्या पोरांकडे नक्की असतील, कारण पूर बघायला जाणारी आणि रील काढणारी तीच. प्रत्येक फोटोला तारीख-वेळ असते. त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात किंवा जिल्हा प्रशासनाच्या व्हॉट्सअॅप संदेशात त्या-त्या वेळची राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. दोन्ही शेजारी मांडा: अमुक वाजता मोरीवर पाणी, बंधाऱ्यावर इतके फूट, अमुक वाजता देवळाच्या पायरीला, तेव्हा इतके, आमच्या गल्लीच्या तोंडाला, तेव्हा इतके. एका दुपारचं काम आहे. हा कागद तुमच्या गावाचा, तुमच्या गल्लीचा असेल, आणि असा कागद कुठल्याच सरकारी पुस्तिकेत मिळणार नाही. पुस्तिकेत इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट एवढंच असतं. हे आकडे सगळ्या जिल्ह्यासाठी आहेत. तुमची मोरी त्यांना विचारून बुडत नाही.

समजा मोरी ४१ ला बुडते असं निघालं. मग म्हशी ३७-३८ ला हलवायच्या, माणसं ३९ ला. मधलं अंतर मुद्दाम ठेवायचं. कारण ट्रॉलीच्या दोन फेऱ्या होतात, एखादी म्हैस चढायला नकार देते, आणि त्याच दिवशी साऱ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. हा आकडा आत्ता, उन्हात बसून ठरवायचा आणि गोठ्याच्या दारावर खडूने मोठा लिहायचा. पावसात तो पुन्हा चर्चेला घ्यायचा नाही. पाऊस कोसळत असताना प्रत्येकाला वाटतं की अजून थोडं थांबून बघू, आणि त्या ‘थोडं’मध्येच घात होतो.

यात एक पोटनियम हवा, तो २०२१ ने शिकवला. त्या जुलैत पाणी हळूहळू न चढता एका रात्रीत झेपावलं. म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता पातळी बघा. सकाळपासून कशी वाढलीय ते बघा. रात्रीत तुमचा आकडा गाठला जाईल अशी शंका जरी आली तरी उजेड आहे तोवर निघा. अंधारात, पावसात, मोरीवरून पाणी वाहत असताना म्हातारं माणूस आणि लेकरू घेऊन निघण्याची वेळच येता कामा नये. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, आणि दोन फुटांत चारचाकी वाहून जाते. जीप काढतो, बसा मागे, म्हणणारे गावोगावी असतात. त्यांचं ऐकू नका.

पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, हाही समज काढून टाकायला हवा. तुमच्या गावापुढून वाहणारं पाणी चार नद्यांचं आहे. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी प्रयाग चिखलीला एकत्र येतात. तुमच्याकडे ऊन पडलेलं असताना गगनबावड्याकडे धो धो चालू असू शकतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, कुणी अधिकारी सही करून उघडत नाही. एका दरवाजातून साधारण १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं, म्हणजे सातही उघडले तर जवळपास दहा हजार. म्हणून ‘राधानगरी ९० टक्के भरलं’ ही बातमी तुमच्यासाठी नुसती बातमी नव्हे. त्या दिवशी वैरण ट्रॉलीत चढवायला घ्यायची. आणि खालच्या अंगाला नृसिंहवाडीत, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढे सरकायला जागा मिळत नाही, फुगवटा मागे येतो. त्यामुळे आकाश निरभ्र असूनही पाणी दिवसेंदिवस उतरत नाही. २०१९ ला काय झालं ते तुम्ही भोगलंयच.

आता सासऱ्यांशी बोलायचं कसं. एक, हे बोलणं मे महिन्यात करा, जेवणं झाल्यावर, मिस्टर घरी असताना. सुनेने सासऱ्याला बाहेर काढायचं आणि मुलाने शिफ्टवरून फोनवर ‘बाबा, ऐका ना’ म्हणायचं, ही वाटणी मला मुळीच पसंत नाही. वडील त्यांचे आहेत, बोलू दे त्यांना. दोन, ‘तुम्ही का हलत नाही’ असं विचारण्यापेक्षा ‘तुम्हाला मागं काय राहील याची काळजी वाटते’ असं विचारा. उत्तरं बहुतेक वेळा दोनच असतात, जनावरं आणि चोरी. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पूरग्रस्त गावांत बंद घरं फुटतात, हे त्यांना माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे सोनं-पैसा आधीच नणंदेकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं, आणि गल्लीतल्या कुणाच्या तरी उंच आरसीसी घरात गस्तीला पोहता येणारी दोन तरणी पोरं थांबणार का हे पोलीसपाटलांशी बोलून आधी ठरवणं. सत्तरीच्या माणसाने गस्त घालायची नाही, एवढं मात्र ठाम.

म्हशींचा विषय त्यांच्याच हाती द्या. ‘बाबा, जनावरांचं सगळं तुम्ही बघायचं, आकडा आला की तुम्ही त्यांच्याबरोबर पहिल्या फेरीत.’ जनावर जिथे जाईल तिथे ते जातील. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीला चढतात, तशी तुमच्या गावाची उंचावरची जागा कुठली, पत्र्याची शेड लागेल का, नणंदेच्या गावात चार दावणी मिळतील का, हे त्यांनी ठरवावं. म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या आणि प्रत्येक म्हशीच्या कानात बिल्ला आहे का ते बघा. बिल्ल्यासकट कानाचा, आणि म्हशीचा पूर्ण, असे दोन फोटो मोबाइलमध्ये हवेत, पंचनाम्याला लागतात. पैशाची गोष्ट काढली तर ते चिडतील, पण कधीतरी सहज कानावर घाला: २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निकषांत दुभती म्हैस गेली तर मदत ३७,५०० रुपये ठरली होती. मुऱ्हा म्हशीचा बाजारभाव त्यांना तोंडपाठ असेल, पुढची वजाबाकी ते मनातल्या मनात करतील. आणि काहीच जमलं नाही, पाणी शिरलंच, तर दावी कापायची. दावणीला बांधलेली म्हैस बुडते. मोकळी म्हैस पोहते.

मिस्टरांबद्दल एक गोष्ट राहिली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी येतं, दोन्ही मोठ्या पुरांत तो बंद पडला होता. म्हणजे ऐन वेळी ते तुमच्यापर्यंत पोहोचतील हे गृहीत धरू नका. आकडा गाठला त्या दिवशी ते रजा टाकून घरी असतील, किंवा नसतील तर ट्रॅक्टर कोण आणणार आणि सासूबाईंना कोण उचलणार त्या दोघांची नावं ठरलेली असतील. यातलं एक आधी नक्की करून घ्या.

आता पिशवी. ऑनलाइन हजारो रुपयांना ‘इमर्जन्सी किट’ विकतात. त्यात चकमकीचा दगड आणि होकायंत्रसुद्धा असतं. आपल्याला नणंदेच्या घरी जायचंय, हिमालयात नाही. मुलाची जुनी शाळेची सॅक पुरे. आत दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकात एक. त्यांत रेशन कार्ड, आधार, पासबुकं, घरपट्टीची पावती, वीजबिल, विम्याचे कागद, मुलाचा जन्मदाखला, सासूबाईंची औषधांची चिठ्ठी. सगळ्यांचे फोटो काढून ते नणंदेच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. आधारसारखे कागद डिजीलॉकरमध्ये आणि सातबारा ऑनलाइन मिळतो, पण रेंज आणि चार्जिंग असेल तरच. दहा-वीस-पन्नासच्या नोटांत दोनेक हजार रोख ठेवा, कारण वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही ठप्प. टॉर्च, पॉवर बँक, सेलवर चालणारा छोटा रेडिओ. मोबाइल बंद पडला तरी आकाशवाणी कोल्हापूर लागतं. एक शिट्टी, कारण नाववाल्याला गच्चीवरच्या माणसाची हाक पावसात ऐकू जात नाही. प्रत्येकाचे दोन जोड कपडे, सॅनिटरी पॅड, ओआरएसची पाकिटं. खायला भडंग, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू: न शिजवता चालतं, आठ दिवस टिकतं आणि मुलगा कुरकुर न करता खातो. प्यायच्या पाण्याचे दोन कॅन भरून वर ठेवा. मोठ्या पुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात, आणि चहूकडे पाणी असताना कोल्हापूर शहरातसुद्धा नळ कोरडे पडले होते.

सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर, कारण वीज गेली की लोक घाबरून बाटल्या फेकून देतात. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या हे खरं. पण वापरात असलेली बाटली किंवा पेन थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तेवढा थंडावा असतो. सुट्या बाटल्या लहान मडक्यात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून न्या. बर्फावर थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जूनमध्येच पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा, सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घेऊन ठेवा, आणि जेवण वेळेवर मिळालं नाही तर डोस कसा करायचा हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. साखर एकदम उतरली तर लागेल म्हणून गुळाचे खडे त्यांच्या पिशवीत वेगळे हवेत.

घर सोडताना मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरची वायर काढा, ती लोक विसरतात. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावा आणि तो खिडकीच्या गजाला साखळीने बांधा, कारण रिकामा किंवा अर्धा सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. फ्रीजही तरंगतो, टेबलावर ठेवून उपयोग नाही. तो ट्रॉलीच्या दुसऱ्या फेरीत गेला तर गेला, नाहीतर रिकामा करून, दार दोरीने बांधून सोडून द्या. त्याच्यासाठी एक तास घालवू नका. धान्य मात्र वाचवण्यासारखं आहे. कोठीतलं पोत्यांत भरून माळ्यावर, आणि माळा २०१९ च्या खुणेच्या वर आहे का ते बघून. तुमच्या भिंतीवर ती रेघ अजून दिसत असेल तर रंगकाम करताना पुसू नका. मोटरसायकल बुडाली तर परत आल्यावर किक मारायची नाही, आधी मेकॅनिक. पाणी शिरलेलं इंजिन चालू केलं तर ते जातंच आणि विमा कंपनीही हात वर करते. विम्याचा विषय निघालाच आहे तर, भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात. तिच्यात पूर येतो आणि घरातलं सामानही येतं. म्हशींचा विमा वेगळा. दोन्हींची चौकशी मे महिन्यात करा. नदी पात्राबाहेर पडल्यावर विमा काढायला जाणाऱ्याला एजंट चहासुद्धा पाजत नाही.

बचत गटाचं वाचून मला खरंच बरं वाटलं. सुरुवात पैशाने करू नका, यादीने करा. एक वही. गल्लीतलं प्रत्येक घर, आत किती माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण आणि कितवा महिना, डायलिसिसला कोण जातं, ऐकू कमी कोणाला येतं, एकटी म्हातारी कोण. दुसऱ्या पानावर उलटी यादी: ट्रॅक्टर कोणाकडे, स्लॅबचं उंच घर कोणाचं, जनरेटर कोणाकडे, पोहता कोणाला येतं, शाळेची आणि समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते. मग दोन्ही पानं रेघांनी जोडा. अमक्या आजींना तमक्याचा मुलगा उचलणार, त्याला हे माहीत आहे आणि आजींनाही माहीत आहे. ही माहिती बायकांकडे जेवढी पक्की असते तेवढी ग्रामपंचायतीच्या दप्तरात नसते. वही दर मे महिन्यात नवी करायची, कारण वर्षभरात माणसं वारतात, बाळं जन्मतात, ट्रॅक्टर विकले जातात.

दुसरं काम निवाऱ्याचं. पुष्कळ बायका शाळेतल्या निवारा केंद्रात जायला टाळतात, आणि तोंडाने कारण सांगत नाहीत. कारण संडास. एकच असतो, दाराला कडी नाही, दिवा नाही, पाणी नाही. तान्ह्या बाळाला पाजायला आडोसा नाही. पूर यायच्या दोन महिने आधी गटातल्या चौघीजणींनी जाऊन त्या जागेची पाहणी करा: संडास किती, कड्या लागतात का, रात्री उजेड कुठून, बायकांना वेगळी खोली कुठली. कडी बसवायला कुणाची मंजुरी लागत नाही. हे नीट असेल तर तुमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका एक दिवस आधी निघतील, असं मला वाटतं. भाषणांनी तेवढ्या निघणार नाहीत.

तिसरं, नाव. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलं बुडाली. त्या दिवशीची घाई कुणालाही समजण्यासारखी आहे, म्हणूनच नियम आधी हवा. नावेत किती माणसं हे नाववाला सांगेल, काठावरचे ओरडणारे सांगणार नाहीत. आणि जॅकेट जेवढी, माणसं तेवढी. तुमच्या गावात आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेलं कुणी आहे का ते तहसील कार्यालयात विचारा. नसेल तर पुढच्या तुकडीला पाठवायला दोन नावं द्या, आणि त्यातलं एक मुलीचं असू दे.

अफवांचं काय करायचं ते गटाच्या व्हॉट्सअॅपवरच ठरवा. प्रत्येक पुरात ‘धरण फुटलं’ असा निरोप फिरतोच. गटात एकच बाई पातळी टाकेल, तीही जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या संदेशातून किंवा १०७७ वर फोन करून. बाकीच्यांनी फॉरवर्ड टाकायचं नाही. ११२ आणि १०८ हे नंबर मुलालाही पाठ हवेत, तो आठ वर्षांचा आहे. नेटवर्क गेलं तर देवळाचा आणि मशिदीचा भोंगा आहेच. दोन्हीकडच्या माणसांशी आधी बोलून ठेवा.

परत आल्यावरचं थोडक्यात. आधी मुलाला आणि सासूबाईंना आणू नका. आत पाऊल टाकताना हातात काठी: कपाटामागे, चुलीच्या बोळकांडीत घोणस-नाग बसलेले असतात. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, मांत्रिक काही नाही, अवयव हलू न देता थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट. चिखल काढून घर लखलखीत केल्यावर पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्याला काय दाखवणार? वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय चिखलात उतरू नका, आणि त्यानंतर ताप आला तर अंगावर काढू नका. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणारा आजार, साध्या तापासारखाच सुरू होतो. पाणी उकळून प्या किंवा आरोग्यसेविका देतात ते मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. गल्लीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकताना हजार लिटरला पाच ग्रॅम, मुठीने नव्हे.

१ मे रोजी ग्रामसभा असते. गटाच्या लेटरहेडवर सरपंचांना आठ दिवस आधी अर्ज द्या आणि त्यात तीनच मागण्या लिहा: मोरीजवळच्या विजेच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवून मिळाव्यात, निवाऱ्याच्या जागेची किल्ली जून ते सप्टेंबर गटाच्या दोन सदस्यांकडे असावी, आणि मे अखेरच्या एका रविवारी जनावरांसकट गाव हलवण्याचा सराव व्हावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. सरावाला सासऱ्यांना पुढे घाला. म्हशी ट्रॉलीत कशा चढवायच्या ते गावाला त्यांनीच दाखवायचं.